चार दिवस विद्यापीठात राहू द्या

महोदय,

शाळकरी मुलांसाठी विद्यापीठांत होणाऱ्या अभियांत्रिकी आणि विज्ञानाच्या निवासी ओळख-वर्गांना पालक सहल समजतात, याचे मला, एका भौतिकशास्त्राच्या शिक्षिकेला, फार वाईट वाटते. माझी एक विद्यार्थिनी अशा वर्गाला जाऊन आली. तिच्या गटाने पुठ्ठ्याचा पूल बांधला, वजने टांगून तो मोडला आणि नेमका कोणता सांधा आधी सुटला यावर रात्री वसतिगृहात वाद घातला. तो वाद मला सर्वांत मोलाचा वाटतो. दिवसभराच्या व्याख्यानांनंतर मुले घरी परतली असती, तर तो झालाच नसता. शिवाय जेवताना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी शेजारी असतात. गणित किती लागते, काय कंटाळवाणे आहे, हे ते मोकळेपणाने सांगतात. माहितीपुस्तिकेत ते कुठे छापलेले असते?

‘यंत्र अभियांत्रिकी माझ्यासाठी नाही’ हे चार दिवसांत कळले, तरी चार वर्षे वाचतात.

मात्र शुल्कामुळे गरजू मुले वगळली जातात. ब्रिटनमध्ये सटन ट्रस्ट या गरजू मुलांच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या संस्थेच्या, विद्यापीठांतील उन्हाळी शाळा १९९७ पासून भरतात. राहणे, जेवण, प्रवास सारे मोफत. अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठात भरणाऱ्या, १९८४ पासूनच्या ‘रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट’ या शाळकरी मुलांच्या उन्हाळी संशोधन-वर्गातही शिकवणे आणि राहणे-जेवण यांचे पैसे घेत नाहीत. इतर विद्यापीठांनीही निदान काही जागा अशा ठेवाव्यात आणि विषय निवडायची वेळ येण्याआधीच हे वर्ग भरवावेत.

— एक विज्ञान शिक्षिका