जुनी गुणपत्रिका आणि नर्सिंग प्रवेश

नर्सिंग प्रवेशासाठी पूर्वीचे गुणच निर्णायक मानावेत, असे सुचवणारा लेख वाचला. तो पटला नाही. औषधशास्त्र कच्चे असलेली परिचारिका धोकादायक, हे मान्यच. मात्रेतले दशांश चिन्ह एक घर सरकले तरी औषध दहापट जाते. पण अर्जदाराला आज काय येते, हे दहा वर्षांपूर्वीच्या गुणपत्रिकेवरून कसे कळणार? (तेव्हाच्या नापासामागे आजारपण होते की आळस, तेही तीत नसते.) जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालात जगभर ५९ लाख परिचारिकांची कमतरता नोंदवली आहे. तेव्हा विज्ञानाचे विषय पुन्हा देऊन मिळवलेले अलीकडचे गुण स्वतंत्रपणे मोजावेत आणि रुग्णसेवेचा अनुभव असल्यास त्याचीही दखल घ्यावी.

– एक वाचक