नेरुळला पाहिलेली फॉरवर्ड : क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

मा. क्रीडामंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

मी कोल्हापुरात एका शाळेत खेळ शिकवते. २०२२ च्या दिवाळीच्या सुट्टीत, ३० ऑक्टोबरला, आमच्या अकरा मुलींना घेऊन मी नेरुळला आले होते. डी. वाय. पाटील स्टेडियमवर सतरा वर्षांखालच्या मुलींच्या फुटबॉल विश्वचषकाची फायनल होती. ८२व्या मिनिटाला कोलंबियाचा स्वयंगोल झाला आणि स्पेन १-० ने जिंकलं. पण परतीच्या गाडीत मुली रात्रभर बोलत होत्या हरलेल्या संघातल्या फॉरवर्डबद्दल, म्हणजे आघाडीला खेळून गोल करणाऱ्या खेळाडूबद्दल. लिंडा कायसेदो. बॉल पायाला लागला की समोरची बचावपटू आधी मागे सरकायची, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

नंतर मी तिची माहिती मिळवून वर्गात सांगितली. चौदाव्या वर्षी, २०१९ मध्ये, ती कोलंबियातल्या काली शहराच्या ‘अमेरिका’ या क्लबकडून व्यावसायिक लीग खेळली आणि त्याच वर्षी तो क्लब विजेता ठरला. पंधराव्या वर्षी अंडाशयाचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, ती परत आली आणि २०२१ मध्ये देपोर्तिवो काली या दुसऱ्या क्लबकडून पुन्हा विजेती ठरली. नेरुळला आली तेव्हा त्याच वर्षीच्या कोपा अमेरिका या दक्षिण अमेरिकेच्या स्पर्धेत ती सर्वोत्तम खेळाडू ठरलेली होती. अठरा पूर्ण होताच स्पेनच्या रिअल माद्रिद क्लबने तिला घेतलं. जुलै २०२३ मध्ये महिला विश्वचषकात सिडनीत जर्मनीविरुद्ध, दोन बचावपटूंच्या मधून वळून वरच्या कोपऱ्यात मारलेला तिचा गोल आमच्या मुलींनी मोबाईलवर किती वेळा पाहिला असेल, मोजदाद नाही.

साहेब, या मुलीची जिद्द मोठीच आहे, पण तिला चौदाव्या वर्षी खेळायला घराजवळच्याच शहरात लीग होती. कोलंबियात महिलांची व्यावसायिक लीग २०१७ मध्ये सुरू झाली. तीही आखूड, आणि पैशांवरून तिथल्या खेळाडूंना भांडावं लागलं आहे. तरी लीग होती. नेरुळला फायनल झाली त्या विश्वचषकात आपल्या मुली भुवनेश्वरला अमेरिकेकडून ८-०, मोरोक्कोकडून ३-० आणि ब्राझीलकडून ५-० हरल्या. त्या मुलींना मी कधीही नावं ठेवणार नाही. महिनोन्‌महिने शिबिरात घाम गाळून त्या मैदानात उतरल्या होत्या. पण शिबिर म्हणजे मॅच नव्हे.

फॉरवर्ड सरावात घडत नाही. गोलकीपर अंगावर येतोय, मागून कुणीतरी शर्ट ओढतंय आणि मारायचं की पास द्यायचा हे अर्ध्या सेकंदात ठरवायचंय, हे मॅचमध्येच शिकता येतं. चुकायलाही मॅच लागते. त्या अकरा मुलींतली एक आता एकोणीस वर्षांची आहे. डाव्या पायाची फॉरवर्ड, अशी मी पंधरा वर्षांत दुसरी पाहिली नाही. शालेय स्पर्धा बाद पद्धतीच्या. शाळेच्या शेवटच्या वर्षी आम्ही जिल्ह्याला टायब्रेकरवर हरलो आणि तिचं वर्ष तिथेच संपलं. वर्षाला तीन मॅच. पुढचे दहा महिने ती मैदानात प्लास्टिकचे कोन लावून एकटी गोलवर शूटिंग करत होती.

हे कोल्हापुरात घडतं, याचं मला फार वाईट वाटतं. इथे पेठापेठांतल्या तालमींनी पुरुषांचं फुटबॉल पिढ्यान्‌पिढ्या जपलंय, शाहू स्टेडियमला पाय ठेवायला जागा नसते. मुलींसाठी एवढी हौस कुणी दाखवली तर त्या काय करतील, याची मला पक्की कल्पना आहे.

२०२४-२५ च्या इंडियन विमेन्स लीगमध्ये आठ संघ होते. कोलकात्याचे दोन, ओडिशाचे दोन, केरळ, तमिळनाडू, बेंगळुरू आणि दिल्लीचा एकेक. महाराष्ट्राचा एकही नाही. २०२२ मध्ये विश्वचषकाची फायनल आपण भरवली, त्याच वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत महिलांचा आशियाई चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात खेळवला, आणि आपल्या राज्याच्या मुलीला देशातली वरची लीग खेळायची तर घर सोडून दुसऱ्या राज्यात जावं लागतं. होशियारपूरची मनीषा कल्याण केरळच्या गोकुलम क्लबकडून खेळली, तिथून सायप्रसच्या अपोलोन क्लबला गेली आणि २०२२ मध्ये युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय ठरली. प्रत्येक घर मुलीला इतक्या लांब पाठवेलच असं नाही.

सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, ते मोलाचं आहे. पण त्यासाठी पदक लागतं, पदकासाठी संघ लागतो आणि संघ उभा राहतो तो मॅचेस खेळून.

म्हणून माझी मागणी एकच आहे. शालेय मुलींच्या फुटबॉलमध्ये बाद फेरीच्या आधी जिल्हा पातळीवर साखळी ठेवा, आणि शालेय वयावरच्या मुलींसाठी राज्याची लीग सुरू करा, निदान चार महिने चालणारी. मैदानं शासनाचीच आहेत. प्रवासखर्च आणि पंचांचं मानधन यांची तरतूद येत्या अर्थसंकल्पात झाली, तर आमची मुलगी विशीत पोचण्याआधी पहिला हंगाम खेळू शकेल. तिचा वाढदिवस जूनमध्ये आहे.

आपली विश्वासू,
एक क्रीडाशिक्षिका, कोल्हापूर