गुहेतला दगड गुहेतच राहू द्या

संपादक महोदय,

सिंधुदुर्गातल्या कोळोशीच्या गुहेत राज्य पुरातत्त्व विभागाला अश्मयुगीन दगडी हत्यारे मिळाली. अशा बातम्यांनी कुतूहल वाढते, ते चांगलेच आहे. पण गुहा पाहायला निघणाऱ्या मुंबईच्या ट्रेकिंग ग्रुपना दोन विनंत्या: तिथला दगड खिशात घालू नका आणि गुहेत चूल पेटवू नका.

हत्यार किती जुने, हे दगडावरून ठरत नाही. दगड कोट्यवधी वर्षांचा असतो. ठरते ते हत्यार ज्या थरात रुतले होते, त्या थरावरून. घरी आणलेले पाते कितीही देखणे असो, नेमका काळ सांगायला निरुपयोगी.

कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी, त्यात धो धो पाऊस. हाडे सहसा टिकत नाहीत. काळ ठरवायला मदार राहते कोळशावर आणि वाळूच्या कणांवर. कोळशात उरलेल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढणाऱ्या कार्बन-14 पद्धतीची धाव जेमतेम 50,000 वर्षांपर्यंत. त्याहून कितीतरी जुन्या कोळशात 1 टक्का जरी आजचा कार्बन मिसळला, तरी वय 37,000 वर्षांच्या आसपास निघते. मुळे, झिरपणारे पाणी, उंदरांची बिळे घोळ घालतातच. वर सहलीच्या चुलीचा कोळसा बिळातून खाली उतरला की विचारायलाच नको.

वाळूच्या कणाला शेवटचे ऊन कधी लागले, हेही मोजता येते. त्यासाठी खड्ड्याच्या उभ्या कापात धातूची नळी ठोकतात आणि तोंडे बंद करून ती काढतात. प्रयोगशाळेत मंद तांबड्या उजेडात ती उघडून दोन्ही टोकांची माती वेगळी करतात, कारण तिला उजेड लागलेला असतो. भोवतालच्या सुमारे 30 सेंटिमीटर मातीचा किरणोत्सर्ग आणि ओलावाही हिशेबात धरावा लागतो. तीच माती कोणी हौसेने उकरून ठेवली असेल, तर हिशेब कशाचा मांडणार?

गुहेचे सोडा, कांदिवलीतल्या अश्मयुगीन थरांवर टॉड या संशोधकांनी 1939 मध्ये निबंध लिहिला होता. आज तिथे वस्ती आहे. हत्यारांची वर्णने उरली, पण थर नव्याने तपासायची सोय गेली.

हत्यारासारखे काही दिसलेच, तर जागेवरच ठेवून शेजारी मोजपट्टी किंवा नाणे धरून फोटो काढा, मोबाइलवर स्थान नोंदवा, गुहेच्या तोंडापासूनचे अंतर लिहा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. इन्स्टाग्रामवर मात्र ठिकाण टाकू नका. उकरणारे तिथे आधी पोहोचतात.

– प्रागितिहासाचे काही अभ्यासक, मुंबई