हरितलवकातील प्रत्येक छोटा आरएनए नियंत्रक नसतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

प्रथिने न घडवणाऱ्या आरएनएविषयी आपल्या विज्ञानाच्या पानावर आलेला लेख वाचला. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना सूक्ष्म आरएनएच्या (मायक्रोआरएनए) शोधासाठी २०२४ चे नोबेल मिळाल्यापासून हा विषय मराठीत लिहिला जाऊ लागला, याचा मुंबईत वनस्पतिशास्त्र शिकवणारी म्हणून मला मनापासून आनंद आहे. मात्र छोट्या आरएनएने संदेशवाहक आरएनएला (प्रथिनाचा आराखडा वाहणाऱ्या प्रतीला) चिकटून प्रथिननिर्मिती रोखायची, ही केंद्रकातील जनुकांना लागू पडणारी सूक्ष्म आरएनएची रीत लेखात हरितलवकालाही (पानातील प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या पेशीघटकालाही) सरसकट लावली आहे, ती तेथे लागू पडत नाही.

हरितलवक सायनोबॅक्टेरिया या प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जीवाणूंपासून उत्क्रांत झाले असून त्याला स्वतःचा डीएनए आहे आणि बहुतेक हिरव्या वनस्पतींत त्यावर शंभर ते सव्वाशे जनुके असतात. या जनुकांचे नियंत्रण मोठ्या प्रमाणावर आरएनए तयार झाल्यानंतर, म्हणजे तो कापताना, जोडताना, त्यातले एखादे अक्षर बदलताना आणि तो टिकवताना होते. हे काम प्रामुख्याने केंद्रकातील जनुकांवरून बनून हरितलवकात आलेली प्रथिने करतात. त्यांतील पीपीआर या आरएनएला चिकटणाऱ्या प्रथिनांच्या कुळाचे, प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या अरबिडॉप्सिससारख्या इवल्याशा रोपातही चारशेहून अधिक सदस्य आहेत. असे प्रथिन आरएनएला चिकटले की आरएनए तोडणाऱ्या विकरांना (एन्झाइमना) तेवढा भाग खाता येत नाही. बाकीचा आरएनए नष्ट होतो आणि झाकलेला तुकडा मागे उरतो. हरितलवकात सापडणारे अनेक छोटे आरएनए म्हणजे असे उरलेले तुकडे आहेत. ते प्रथिनाची जागा दाखवतात, स्वतः काही नियंत्रित करतातच असे नाही. आमचे पदव्युत्तर विद्यार्थी उपलब्ध माहितीसाठ्यांतून असे तुकडे शोधून त्यांना लगेच ‘नियंत्रक’ ठरवतात, म्हणून हे आवर्जून लिहिते आहे.

जनुकाच्या समोरच्या, म्हणजे डीएनएच्या विरुद्ध धाग्यावरून बनणाऱ्या आरएनएची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. हरितलवकात प्रतिलेखन (डीएनएवरून आरएनए बनणे) ठरल्या जागी काटेकोरपणे थांबत नाही, त्यामुळे असे आरएनए बनतच राहतात आणि आरएनेझ-जे हे विकर त्यांचा निकाल लावते. हे विकर कमी केलेल्या रोपांत ते साचतात, संदेशवाहक आरएनएशी जोडी जमवून प्रथिननिर्मिती अडवतात आणि पाने पिवळी पडतात. काहींचा परिणाम थेटही दिसला आहे: ५एस रायबोसोमल आरएनए हा प्रथिने घडवणाऱ्या रायबोसोमचा एक घटक; त्याच्या विरुद्ध धाग्यावरचा एक आरएनए तंबाखूत जास्त प्रमाणात बनवला, तेव्हा तो रायबोसोमल आरएनए अस्थिर झाला आणि रोपांची वाढ खुंटली.

पेशीद्रव्यात दुपदरी आरएनएचे तुकडे करणारी यंत्रणा हरितलवकात नाही, हा फरक शेतीच्या दृष्टीनेही मोलाचा आहे. बटाट्याच्या हरितलवकात असा लांब दुपदरी आरएनए अखंड साठवून ती पाने खाणाऱ्या कोलोरॅडो भुंगेरा या बटाट्यावरील किडीच्या अळ्या मारता येतात, हे २०१५ मध्ये प्रयोगाने सिद्ध झाले.

या विषयावरील पुढील लेखात हरितलवकाचे हे वेगळेपण मांडले जावे, ही विनंती.

— वनस्पतिशास्त्राची एक अध्यापिका, दादर, मुंबई