जुनी फोर बाय फोर पिकअप कामाला लावायची तर आधी खालून बघा

संपादक महोदय,

तुमच्या पेपरात वाहनांच्या पानावर अधूनमधून जुन्या फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद जाते अशा, पिकअपच्या गोष्टी येतात, आधीचा गंजलेला फोटो, नंतरचा चकाचक फोटो, मोठे टायर, उंच केलेली बॉडी, टपावर लाईटची रांग. मी त्या आवडीने वाचतो. पण वाचून झालं की दरवेळी एकच प्रश्न उरतो, की उद्या ह्या गाडीत पूर्ण माल भरला आणि चिखलातनं बाहेर काढायची वेळ आली तर ती येईल का, आणि तोच माल घेऊन लांब उतार उतरताना थांबेल का. ह्याबद्दल एक ओळ नसते. ब्रेकचं काय केलं, चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, कशी होती, डिफरन्शियलमधलं, म्हणजे दोन चाकांच्या मधल्या गिअरच्या गोळ्यातलं, ऑइल कसं निघालं, काहीच नाही. आणि हे फोटो बघून जो माणूस आपली जुनी गाडी कामासाठी उभी करायला घेतो तो पैसे कुठे घालतो, तर रंगात आणि टायरमध्ये. म्हणून हे पत्र.

ही गाडी मुळात कामाची आहे हो. डॉजने १९४६ साली पॉवर वॅगन आणली ती महायुद्धातल्या लष्करी ट्रकवरनंच बेतलेली होती, दिसायला ओबडधोबड, पण शेतात, जंगलात, रस्ता नाही तिथे लोकांनी तिला जुंपली. त्या घराण्यातल्या बहुतेक जुन्या गाड्यांचा ढाचा साधारण तोच, खाली स्वतंत्र चासी, मागे पाटे (लीफ स्प्रिंग) आणि हाउसिंग, म्हणजे डिफरन्शियल आणि एक्सल ज्यात बसतात ते लोखंडी कवच, मध्ये ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांकडे वाटणारी गिअरची पेटी. ह्याच ढाच्यामुळे ती परत उभी करता येते, कारण जवळजवळ प्रत्येक गोष्ट बोल्टने जोडलेली असते आणि सुटी करून दुरुस्त करता येते. फक्त चासी सोडून. चासी गेली की बाकी सगळं कितीही नवीन असू दे, उपयोग नाही.

म्हणून पहिला दिवस गाडीखाली झोपून घालवायचा. चिखल धुवून काढायचा आणि हातोडीने ठोकत जायचं, चांगलं लोखंड खणखणीत वाजतं, खाल्लेलं लोखंड बद्द वाजतं. पाट्यांचे हँगर, मागच्या हाउसिंगच्या वर चासीला जी कमान असते ती, क्रॉस मेंबरचे म्हणजे चासीच्या आडव्या पट्ट्यांचे जोड, बॉडीचे माउंट, ह्या जागा पहिल्या. चासी बंद पेटीसारखी असेल तर गंज आतनं सुरू होतो आणि बाहेर दिसेपर्यंत पत्रा पापडासारखा झालेला असतो. ताजा काळा थर मारलेली चासी दिसली तर मी जास्तच ठोकून बघतो, कारण गंजावर थर मारला की ओल आत कोंडते आणि लोखंड आतल्या आत जात राहतं. वेल्डिंगचं पण शास्त्र आहे, चासीच्या वरच्या आणि खालच्या पट्टीवर सगळ्यात जास्त ताण येतो त्यामुळे तिथे भोक पाडायचं नाही, आणि जोडपट्टी लावायची तर तिची टोकं तिरकी कापायची म्हणजे वेल्ड चासीला सरळ आडवा येत नाही. सरळ आडवा वेल्ड मारला तर पुढचा तडा बहुतेक त्याच्या कडेलाच जातो. आणि वेल्डिंगच्या आधी बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी सोडायच्या, पेट्रोल-डिझेलच्या टाकीजवळ काम असेल तर टाकी उतरवायची, ह्यात घाई नको.

मग ब्रेक. इंजिनच्या आधी ब्रेक, हे मी ठामपणे म्हणतो. बंद इंजिनची गाडी जागेवर उभी राहते, बिनब्रेकची राहत नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, हा त्याचा स्वभावच आहे. डॉट ३ दर्जाचं ताजं ऑइल कमीत कमी २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओल शोषली की तोच आकडा १४० च्या आसपास येतो, आणि भरलेल्या गाडीने लांब उतारावर ब्रेक धरून ठेवले की तेवढी उष्णता सहज होते. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पॅडल खाली जाऊन बसतं. किती वर्षांपूर्वीचं ऑइल आहे हे माहीत नसेल तर सगळं काढून नवीन भरायचं. रबरी ब्रेक पाइप बाहेरनं ठीक दिसतात पण जुने झाले की आतनं फुगून भोक बंद होतं, मग ब्रेक सोडला तरी चाक सुटत नाही आणि ड्रम तापतो. लोखंडी पाइप चासीला जिथे क्लिपने धरलेले असतात नेमके तिथे गंजतात, क्लिप उघडल्याशिवाय कळत नाही.

आता उंच करण्याबद्दल, ह्यावर मला जरा जास्तच बोलायचंय. बऱ्याच पिकअपला मागच्या हाउसिंग आणि चासीच्या मध्ये एक दांडी असते, ती वर एका वॉल्वला जोडलेली असते. हौद्यात माल आला की चासी खाली बसते, दांडी हलते आणि वॉल्व मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर सोडतो, गाडी रिकामी असली की प्रेशर कमी करतो म्हणजे मागची चाकं लॉक होत नाहीत. आता तुम्ही मागचे पाटे वाढवून गाडी उंच केली आणि ती दांडी तशीच ठेवली, तर माल भरलेला असताना पण वॉल्वला गाडी रिकामीच वाटते. मागचे ब्रेक अर्धवट लागतात, सगळा भार पुढच्या ब्रेकवर. फोटोत ही गाडी फार रुबाबदार दिसते. मोठ्या टायरचं तसंच, टायरचा व्यास दहा टक्के वाढला की तेवढ्याच ताकदीने थांबायला ब्रेकला साधारण दहा टक्के जास्त जोर लागतो, गिअर तेवढे जड होतात, चढाला इंजिन दमतं आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी दाखवायला लागतो. आणि पाटे वाढवून गाडीची माल न्यायची क्षमता वाढते हा समज तर सोडूनच द्यायला पाहिजे. गाडी बसायची थांबते एवढंच. ब्रेक तेच, हाउसिंग तेच, बेअरिंग तीच, चासी तीच. गाडीच्या प्लेटवर एकूण वजनाची जी मर्यादा लिहिलेली असते त्यातनं गाडीचं स्वतःचं वजन वजा केलं की उरतं ते माल, माणसं सगळं मिळून, आणि तुम्ही लावलेला जाड बंपर, विंच, लोखंडी पेट्या सगळं त्याच उरलेल्यातनं जातं.

फोर बाय फोरचा भाग लोक सगळ्यात कमी तपासतात, लिव्हर पडला म्हणजे चालू आहे असं धरून चालतात. जुन्या पिकअपमध्ये बहुतेक पार्ट टाइम पद्धत असते, म्हणजे ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधून टाकते. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मागची कमी, मातीत चाक घसरून तो फरक निघून जातो पण कोरड्या डांबरी रस्त्यावर निघत नाही, सगळा पीळ शाफ्ट आणि गिअरमध्ये साठतो आणि लिव्हर अडकतो. म्हणून फोर बाय फोर फक्त मोकळ्या मातीत, चिखलात. आणि जुनी गाडी घेतली की पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलचा रेशो एकच आहे ना हे दात मोजून बघायचं, कारण मधे कधीतरी कुणीतरी मिळेल ते हाउसिंग बसवलेलं असू शकतं. पुढे क्राऊनचे, म्हणजे मोठ्या गिअरचे, ४१ दात आणि पिनियनचे, म्हणजे त्याला फिरवणाऱ्या छोट्या गिअरचे, १० म्हणजे रेशो ४.१, मागे ४१ ला ११ म्हणजे ३.७३, असली जोडी टू व्हील ड्राइव्हमध्ये, नुसत्या मागच्या चाकांवर चालवताना, कधीच कळणार नाही, फोर व्हील टाकलं की गाडी स्वतःशीच भांडणार आणि काहीतरी तुटणार. चारही टायर एकाच मापाचे पाहिजेत ते ह्याच कारणासाठी.

डिफरन्शियलचं ऑइल दुधाळ निघालं तर पाणी गेलंय असं समजायचं. ते बरेचदा ब्रीदरमुळे, म्हणजे हाउसिंगला हवा आत-बाहेर करायला ठेवलेल्या तोंडामुळे, जातं, गरम झालेलं हाउसिंग थंड पाण्यात उतरलं की आतली हवा आकसते, ब्रीदर बुजलेला असेल तर ऑइल सीलमधनं पाणी आत ओढलं जातं आणि उघडा असून पाण्याखाली गेला तर थेट त्यातनंच. एक लांब रबरी पाइप लावून ब्रीदर वर इंजिन रूममध्ये नेला की विषय संपला, ह्याहून स्वस्त आणि कामाची सुधारणा मला तरी माहीत नाही. ऑइल घालताना पण बघायचं, डिफरन्शियलला जीएल ५ दर्जाचं गिअर ऑइल लागतं पण बऱ्याच जुन्या गिअर बॉक्सना जीएल ४ सांगितलेलं असतं कारण आत पितळी सिंक्रो रिंग, म्हणजे गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या कड्या, असतात आणि जीएल ५ मधली रसायनं त्यांना खाऊ शकतात. दोन्हीकडे एकच डबा ओतायचा नाही.

लो रेंज, म्हणजे ट्रान्सफर केसमधला हळू पण जास्त ताकदीचा गिअर, नीट चालत असेल तर इंजिन फार मोठं लागतच नाही. समजा पहिला गिअर ४ ला १, लो रेंज २.५ ला १ आणि डिफरन्शियल ४ ला १, म्हणजे इंजिनाचे ४० फेरे झाले की चाकाचा एक फेरा. २००० आरपीएमला चाक मिनिटाला ५० फेरे फिरणार, गाडी साधारण ताशी ७ किलोमीटरने चालणार, आणि उताराला हेच गिअर गाडी मागे धरून ठेवणार. म्हणून दुसऱ्या गाडीचं मोठं इंजिन बसवायच्या आधी जे आहे त्याचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमध्ये दाब किती होतो ते, बघा, सगळ्या सिलेंडरचे आकडे चांगले आणि जवळजवळ सारखे असतील तर ते इंजिन उघडायचं पण कारण नाही. रेडिएटर साफ, पाइप नवीन, वॉटर पंप ठीक, आणि थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा वॉल्व, काढून टाकू नका, इंजिन कायम थंड राहिलं तर ऑइलमधली ओल उडत नाही आणि झीज वाढते.

वायरिंगमध्ये निम्मी दुखणी अर्थिंगची असतात, बॅटरी ते इंजिन आणि इंजिन ते चासी ह्या जाड पट्ट्या काढून, टोकं घासून परत आवळा, मग सेल्फ आणि अल्टरनेटरला दोष द्या.

आणखी एक, गाडी जितकी मूळची तशी राहील तितकी ती वाटेत दुरुस्त होईल. तीन वेगवेगळ्या गाड्यांचे पार्ट घालून केलेली पिकअप ज्याने केली त्यालाच कळते, तो नसला की दुसरा मेकॅनिक नुसता बघत बसतो. ज्याला जे बदलावंच लागलं त्याने वहीत लिहून ठेवावं, कुठलं बेअरिंग, कुठला सील, कुठल्या मापाचा जॉइंट क्रॉस, आणि ती वही गाडीतच ठेवावी.

तर संपादक साहेब, विनंती एवढीच की पुढच्या वेळी अशा गाडीवर लेख छापाल तेव्हा तिच्या खालच्या बाजूचा एक फोटो छापा आणि मालकाला हे विचारून छापा, की चासीला काय केलं, ब्रेकचं काय काय बदललं, दोन्ही डिफरन्शियलचा रेशो किती, आणि पूर्ण भार घालून चालवून बघितली का. रंगाचा फोटो कमी झाला तरी चालेल.

आपला,
एक पिकअपवाला वाचक