तुझ्या परत आलेल्या दुरुस्तीबद्दल

गुहागर, आषाढ

प्रिय बंड्या,
स. न. वि. वि.

तुझं तणतणणं पोचलं. त्या ओपन सोर्स (कुणीही हातभार लावावा अशा) सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या माहितीपानांतल्या स्पेलिंगच्या चारदोन चुका सुधारून दिल्या, तर शाबासकी राहिली बाजूला, वर "तोडून वेगवेगळं पाठवा" म्हणून परत! मी स्वतः पलीकडच्या खुर्चीतला. आमच्या प्रकल्पाच्या डॉक्युमेंटेशनमधल्या अशाच दुरुस्त्या तपासतो. तेव्हा तुझी बाजू घेईन ही आशा सोड. थोडी घेईन, पण नंतर.

तुझा डिफ, म्हणजे जुन्या-नव्या मजकुरातला फरक, उघडून पाहिला. बदललेले शब्द मूठभर आणि पान सगळं लाल-हिरवं. कारण तुझ्या एडिटरने परिच्छेद नव्याने मोडला. गिट, म्हणजे बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, ओळींची तुलना करतं. एक शब्द खाली सरकला की पुढच्या साऱ्या ओळी त्याच्या लेखी नव्या. मी 'गिट डिफ'ला 'वर्ड-डिफ' जोडून बघतो, मग नेमके शब्दच दिसतात. पण सगळेच तेवढं करत नाहीत. शिवाय उद्या कुणी 'गिट ब्लेम' (कुठली ओळ शेवटी कुणी बदलली ते दाखवणारी आज्ञा) लावलं तर त्या सगळ्या ओळी तुझ्या नावावर! या कटकटीपायीच अनेक जण एका ओळीत एकच वाक्य लिहितात.

हे झालं किरकोळ. खरी गोम तू सुधारलेल्या मथळ्यात आहे. पानातल्या लिंकचा पत्ता बऱ्याचदा मथळ्यावरूनच आपोआप बनतो. मथळा बदलला की जुना पत्ता मेला. आपल्याकडे घराचं नाव बदललं तरी पोस्टमन बरोबर अंगणात येतो. लिंक मात्र पानाच्या माथ्यावर सोडून मोकळी होते. आणि तिथे दुसरीकडून किती जणांनी बोट दाखवलंय, हे तपासणाऱ्याला कुठून कळणार?

त्याहून अवघड प्रकरण भाषांतरांचं. गेटटेक्स्ट या भाषांतराच्या साधनात मूळ इंग्रजी वाक्य हीच भाषांतर शोधायची चावी. त्यातला स्वल्पविराम हलला तरी चावी निराळी. मग त्यातलं 'एमएसजीमर्ज' जुनं भाषांतर नव्या वाक्याला चिकटवतं खरं, पण 'फझी' (तपासून घ्या) असा शिक्का मारून; आणि फझी नोंदी, वेगळं सांगितल्याशिवाय, तयार फाइलमध्ये जातच नाहीत. म्हणजे भाषांतरकार येऊन शिक्का काढेपर्यंत मराठी पानाच्या मधोमध तेवढं एक वाक्य इंग्रजीत. तुझ्या एका स्वल्पविरामाने असे किती भाषांतरकार कामाला लागतात, बघ. म्हणून रिलीजच्या तोंडावर मूळ मजकूर गोठवतात, आणि त्या काळात अगदी योग्य दुरुस्तीही मी निर्दयपणे थांबवून ठेवतो.

काही चुका तर चुकाच ठेवाव्या लागतात. एचटीटीपीच्या, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातल्या संवादाच्या नियमांतल्या, 'रेफरर' हेडरच्या (वाचक कुठल्या पानावरून आला ते सांगणाऱ्या ओळीच्या) स्पेलिंगमध्ये एक आर कमी आहे. 1996च्या आरएफसी 1945 या एचटीटीपीचं वर्णन करणाऱ्या दस्तऐवजातही तो तसाच छापला गेला, आणि जगभरचे ब्राउझर आणि सर्व्हर तेच चुकीचं स्पेलिंग ओळखतात. कुणीतरी उत्साही माणूस अधूनमधून तो आर भरून पाठवतोच. मी ते घेतलं, तर आमच्या पानावरचं उदाहरण उचलणाऱ्याचा कोड चालणार नाही आणि शिव्या आम्हाला.

आता तुझी बाजू. तुला एका ओळीत वाटेला लावलं हे वाईटच. आभाराचे दोन शब्द आणि "ओळी मोडू नका, मथळा वेगळा पाठवा" एवढं लिहायला काय जातं? पण ही माणसं पोळलेली आहेत. 2020च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये (ऑक्टोबरभर ओपन सोर्स प्रकल्पांना दुरुस्त्या पाठवायचा उपक्रम) फुकट टी-शर्टच्या आशेने लोकांनी रीडमीमध्ये, म्हणजे प्रकल्पाची ओळख देणाऱ्या फाइलमध्ये, कसलेही शब्द कोंबून पाठवले. शेवटी प्रकल्पाने स्वतःहून होकार दिला तरच तिथली दुरुस्ती धरायची, असा नियम आयोजकांना महिना चालू असतानाच करावा लागला. तेव्हापासून नवख्याची छोटी दुरुस्ती दिसली की आधी संशय येतो. मलाही येतो.

माझ्या उत्तराच्या उशिराचं म्हणशील, तर ते मनावर घेऊ नकोस. इथे पाऊस नुसता कोसळतोय. वीज गेली की थोड्या वेळाने टॉवरही मान टाकतो. गिटचं एक बरं, इतिहास सगळा लॅपटॉपवर असतो. शाखा (बदलांच्या वेगळ्या वाटा) आधी ओढून ठेवल्या की बॅटरी आहे तोवर पडवीत बसून वाचता येतं. उत्तर मात्र रेंज आल्यावरच.

तर असं कर. स्पेलिंग तेवढी एका कमिटमध्ये (गिटमधल्या एका नोंदीत), ओळी जिथल्या तिथे. मथळ्याचं आधी इश्यू (प्रकल्पाकडे चर्चेची नोंद) उघडून विचार, आणि जुना पत्ता चालू ठेवायची सोय त्यांच्याकडे आहे का तेही बघ. कमिटच्या संदेशात काय बदललं यापेक्षा का बदललं ते लिही. पाठवण्याआधी मला दाखवलंस तर नजर टाकीन, फक्त भरवशाची रेंज हवी असेल तर सकाळी.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अप्पा