पोचा आलेल्या वाटीबद्दल, वहिनी

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

हे पत्र सर्वांसमक्ष लिहितो आहे, कारण तुमच्याशी प्रत्यक्ष बोलायला गेलो की माझा गळा दाटून येतो आणि तुम्ही ‘त्यात काय एवढं’ म्हणत विषय बदलता. ही गेली त्याला येत्या वैशाखात दोन वर्षे होतील. त्यानंतर कितीतरी महिने मी डब्यावर काढले. तेलाचा तवंग असलेली ती भाजी माझ्या मधुमेहाला सोसत नव्हती, तरीही स्वयंपाक शिकायची माझी मुळीच इच्छा नव्हती. ओट्यापाशी उभे राहणे म्हणजे ती आता तिथे कधीच उभी राहणार नाही हे मान्य करणे, आणि तेवढे बळ माझ्यात नव्हते.

शेवटी प्रकृतीपुढे हात टेकले, तेव्हा मी मदत मागितली नाही असे नाही. एका नातेवाइकांनी ‘या वयात कशाला, बाई ठेवा’ असे सांगून फोन ठेवला. दुसऱ्या एका घरी मी फोडणी करून पाहत होतो, तर ‘द्या इकडे, तुम्हाला नाही जमायचं’ म्हणून माझ्या हातातला डाव काढून घेतला गेला. पैसे भरून एका वर्गातही गेलो. ‘एका माणसाच्या वरणाला डाळ किती घ्यायची’ असे मी विचारल्यावर तिथे हशा पिकला आणि शिकवणाऱ्यांनी तो थांबवला नाही. ज्याच्या घरी सांगणारे कोणी उरलेले नाही, त्याला हा प्रश्न विचारावाच लागतो. त्या हसण्याची सल अजून गेलेली नाही.

तुम्ही आलात तेव्हा पहिल्या दिवशी गॅस पेटवलाच नाही. स्वयंपाकघराच्या दारात थांबून ‘मांडणीवरचे डबे उघडले तर चालेल ना?’ असे विचारलेत. या घरात तोवर आलेल्या प्रत्येकाने हिची मांडणी आपल्या सोयीने हलवली होती. मिसळणाच्या डब्यापासून पिठाच्या डब्यापर्यंत सगळे पाहून तुम्ही तांदळाच्या डब्यात हात घातलात आणि आतली स्टीलची, एका बाजूला पोचा आलेली वाटी बाहेर काढलीत. ‘हे त्यांचं माप. तुमच्या घरचा भात या वाटीनेच होत आला आहे, आता तुम्हीही हिनेच मोजा,’ असे म्हणून ती तुम्ही माझ्या हातात ठेवलीत. मी इतकी वर्षे त्या घरात राहून ती वाटी कधी नीट पाहिली नव्हती. वहिनी, त्यानंतर तुम्ही मला पुष्कळ शिकवलेत, पण मी शिकू शकलो तो त्या क्षणामुळे.

आपल्या मावळातल्या वडगावच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेल्या इंद्रायणीचा भात मी कितीतरी वर्षे खात आलो आहे. तो मुळातच मऊ आणि चिकट असतो, आणि तांदूळ नवा असेल तर पाणी हात राखून घालावे लागते, हे मला तुमच्याकडून कळले. चिंच डाळ शिजल्यावरच घालायची, कारण आंबटात डाळ शिजत नाही. मोहरी तडतडली की आच मंद करून मगच हळद टाकायची, नाहीतर ती करपून फोडणी कडवट होते. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसल्याने ते कढत पाण्यात भिजवायचे. ‘चवीनुसार मीठ’ हे शब्द तुम्ही एकदाही उच्चारले नाहीत. चिमूट माझ्याच बोटांची धरायला लावलीत. माझ्या पहिल्या पिठल्यात गुठळ्या झाल्या, तेव्हा हातातला डाव न घेता तुम्ही ताट मांडलेत आणि माझ्यासोबत बसून ते पिठले भाकरीशी खाल्लेत. गुठळ्यांविषयी सांगितलेत ते जेवण झाल्यावर: बेसन आधी गार पाण्यात कालवून घ्या.

दुसऱ्याच्या दुःखात वावरताना पावले हलकी ठेवणारी माणसे फार थोडी असतात. मदत करताना समोरच्याला लहान न करणे हे मला मोठ्या विद्वत्तेपेक्षाही मोलाचे वाटते, आणि तुमच्या ठायी ते इतके सहज आहे की तुम्हाला त्याची जाणीवही नसावी.

गेल्या रविवारी मुलगी आली होती. वरण, भात, लिंबाची फोड आणि वर साजूक तूप, एवढेच मी वाढले. भात तोंडात घेतल्यावर ती थोडा वेळ काहीच बोलली नाही; मग तिने ‘बाबा, आईच्या वाटीने घेतलात?’ असे विचारले. मी मान हलवली.

संक्रांतीला तुम्ही तिळाच्या वड्या दिल्या होत्या तो डबा अजून माझ्याकडेच राहिला आहे. या घरातून शेजारचे भांडे रिकामे कधी परत गेलेले नाही, म्हणून आज संध्याकाळी त्यातून पिठले पाठवतो आहे. मीठ कमी वाटले तर मोकळेपणाने सांगा.

तुमचा ऋणी,
शेजारचे भाऊजी
तळेगाव दाभाडे